डावं मागचं चाक: जीपच्या ब्रेकच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मागचं डावं चाक पुन्हा खरवडायला लागलं आहे. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. म्हणून या वेळी तारीख टाकून लिहायला घेतलं.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, नोंदणी १९७२ ची, लेफ्ट हँड. आबांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली. आमच्या भागातल्या बहुतेक जिपांत नंतर डिझेल इंजिनं बसली. आबांनी हिचं पेट्रोल इंजिन कधी काढू दिलं नाही. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे आणि आतून ब्रेक लागणारे लोखंडी डबे. पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एकच, तो पायाखालच्या पत्र्याखाली, आणि पेडल पत्र्यातून वर आलेलं.

जूनमध्ये मागच्या दोन्ही चाकांना नवे लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) लावले होते. त्यानंतर मीटरवर १,१४० किलोमीटर झाले. एवढ्यात डाव्या ड्रममधून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. २०२२ साली लावलेला लायनरही डावाच आधी संपला होता. तेव्हा "माल हलका निघाला" म्हणून सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

कारण ऑगस्टमध्ये आबा पपईच्या वावरातून परत येत होते, रस्त्यावर चिखल होता, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीचं शेपूट फिरून जीप बांधावर जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवशी आबांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आते मना पायमा अंदाज ऱ्हायना नही, भाऊ." अठ्ठ्याहत्तर वय, त्यातली अडतीस वर्षं हीच गाडी चालवलेली. तेव्हापासून ते स्टिअरिंगवर बसलेले नाहीत. मीही तेव्हा वयाचंच कारण धरलं होतं.

आज शहाद्याला जाऊन आलो. येताना शेवटच्या चार किलोमीटरमध्ये मुद्दाम दहा-बारा वेळा ब्रेक दाबले आणि खळ्यात गाडी थांबल्या थांबल्या ड्रम तपासले. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मित्राची लाल ठिपक्याची तापमापक बंदूक मागून आणली होती. मागचं डावं १२१ अंश, मागचं उजवं ५८. पुढची दोन्ही नव्वदीत, एकमेकांत चार अंशांचा फरक.

यावरून दोन गोष्टी बाजूला काढता आल्या. पुढची दोन्ही चाकं सारखी तापतात, म्हणजे मास्टर सिलिंडर सुटला. मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज एकच आहे. तो आतून फुगून बंद झाला असता तर दोन्ही मागची चाकं सारखीच बिघडली असती. म्हणजे दोष होजच्या पुढे आहे, जिथून डावी-उजवी वाट वेगळी होते तिथून ड्रमपर्यंत कुठेतरी.

हँडब्रेकच्या केबलची शंका सगळे आधी काढतात. या जीपमध्ये ती शंका लागूच नाही. हिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर वेगळा लहान ड्रम असतो, तो तिथे शाफ्टलाच धरतो.

२४ नोव्हेंबर

आज एक मोठी चूक थोडक्यात निभावली, ती आधी लिहितो. हँडब्रेक ओढला आणि एकटं मागचं डावं चाक जॅकवर उचललं. चाक जमिनीवरून सुटलं तशी जीप पुढे सरकली, जॅक तिरका झाला. भाचा शेजारीच उभा होता, त्याला हाताला धरून मागे ओढलं. गाडी अर्धा फूट जाऊन थांबली.

कारण वर लिहिलेलंच आहे, पण ते करताना डोक्यात आलं नाही. हँडब्रेक शाफ्टला धरतो. शाफ्ट धरलेला असला तरी एक चाक हवेत असेल तर क्राऊनमधली (मागच्या चाकांच्या मधली गिअरपेटी) डिफरन्शियल ते उलटं फिरू देते आणि जमिनीवरचं चाक पुढे जायला मोकळं होतं. म्हणजे एक मागचं चाक उचललं की या गाडीला हँडब्रेक उरतच नाही. आता पुढच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून बाभळीची पाचर, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे (टेकू). त्याशिवाय खाली वाकायचं नाही. भाच्यालाही हे दोनदा बोलून दाखवायला लावलं.

मग मोजणी. उघडण्याआधी बिघाड आकड्यात धरायचा होता, नाहीतर नंतर काय सुधारलं ते कसं कळणार? दोन्ही मागची चाकं हवेत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. पेडल पत्र्यातून वर येतं म्हणून त्यावर सरळ दहा किलोचं वजन ठेवता आलं, वजनकाट्याचं माप. टायरला दोर गुंडाळला, दोराच्या टोकाला पपई तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि चाक हळूहळू फिरायला लागेपर्यंत ओढलं. प्रत्येक चाकाला पाच वेळा ओढून मधला आकडा घेतला.

डावं: ३१ किलो. उजवं: ९ किलो.

पेडल तेच, वजन तेच, आणि ताकदीत तिपटीहून जास्त फरक.

१ डिसेंबर

ड्रम उघडले. या अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावीसकट घट्ट बसतो आणि ड्रम हबबरोबरच निघतो. हातोडीने काढायला गेलं तर ड्रम वाकतो, ड्रममागची बॅकप्लेटही वाकते. ओढून काढणारा पुलरच हवा. आणि मधला नट पूर्ण काढून ठेवायचा नाही. तीन-चार आट्यांवर ठेवायचा, नाहीतर हब सुटताना अंगावर येतो.

उजवा तासाभरात निघाला. डावा काल संध्याकाळी पुलर ताणून तसाच ठेवला होता. पहाटे साडेचारला बंदुकीसारखा आवाज झाला, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, आबा उठून अंगणात आले. हब सुटला होता.

(डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्याचे आहेत. भाचा पान्यावर उभा राहून त्यांना सुलट ताकद लावत होता. या जीपवर जो कोणी पहिल्यांदा हात टाकेल त्याला हे आधी सांगायचं.)

जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवा मारली नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं.

व्हर्नियरने मोजलं. नवा लायनर ४.८ मिलिमीटर होता. डावीकडे पुढच्या शूवर (लायनर ज्या लोखंडी कमानीवर बसतो तो शू) १.२ उरला आहे, रिव्हेटची डोकी ड्रमला लागून तिथे खाचा पडल्या आहेत. डावीकडच्या मागच्या शूवर २.४. उजवीकडे पुढे ४.४, मागे ४.६, म्हणजे जवळजवळ कोराच.

एकाच चाकातला पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजणं हा दोष नाही. गाडी पुढे जाताना ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी दाबतो, मागच्याला मात्र ढकलून सोडतो. म्हणून तर लांब लायनरचा शू पुढे बसवतात. तो दोन्ही चाकांत बरोबर जागी आहे. आपला प्रश्न डावं विरुद्ध उजवं एवढाच.

उजव्या ड्रममध्ये मात्र वास आला. जळक्या गिअर ऑइलचा. लायनरवर काळा चिकट थर, बॅकप्लेटच्या खालच्या अर्ध्या भागात ओल. शूंना ड्रमकडे ढकलणारे व्हील सिलिंडर दोन्हीकडचे कोरडे, रबरी टोप्या ठीक, पिस्टन ढकलल्यावर हलतात. ते पास केले.

३ डिसेंबर

वावरात पपईची तोडणी चालू आहे, त्यामुळे काम बंद, पण चर्चा भरपूर. मावसभावाचं म्हणणं, गाडी लेफ्ट हँड आहे, ड्रायव्हर कायम डावीकडे बसतो, म्हणून डावं चाक झिजतं. मी त्यावर दोन दिवस विचार केला. गाडी एक टनाच्या आसपास, माणूस सत्तर किलो, आणि त्या सत्तरमधलेही सगळे मागच्या डाव्या चाकावर पडत नाहीत. त्यातून एवढी झीज होणार नाही. शिवाय काट्याची मोजणी रिकाम्या गाडीवर, चाकं हवेत असताना केली होती. त्यात ड्रायव्हर नव्हताच.

आबांना दोन्ही शू दाखवले. त्यांनी झिजलेला हातात घेऊन ठेवून दिला आणि कोऱ्यावरून बोट फिरवलं. "जे घसायनं त्यानी काम करं," ते म्हणाले. "जे घसायनं नही, त्याले इचार."

मी गेली दोन वर्षं डाव्याकडेच बघत होतो.

८ डिसेंबर

उजवा अ‍ॅक्सल बाहेर काढला. तेल कसं आलं त्याची वाट स्पष्ट दिसली. आतलं सील क्राऊनमधलं तेल अडवतं, मग बेअरिंग, मग बाहेरचं सील. आतल्या सीलची कड कडक होऊन चिरली होती. तेलाने बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेलं आणि बाहेरच्या सीलमधून ते ड्रममध्ये उतरलं. दोन्ही सीलं बदलली, बेअरिंग रॉकेलने धुऊन पुन्हा ग्रीस भरलं. बॅकप्लेटमागच्या शिम (पातळ चकत्या) जाडी लिहून जशाच्या तशा परत लावल्या.

पण सील चिरलं तरी तेलाला एवढा जोर कुठून आला? म्हणून अ‍ॅक्सलच्या नळीवरचा ब्रीदर काढला. बोटाच्या पेराएवढा तो भाग. गाडी चालून क्राऊन तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला हीच एक वाट. ती आमच्या काळ्या मातीने पार बुजली होती. सुकलेली काळी माती म्हणजे दगडच; तार घालून, पेट्रोलमध्ये भिजवून अर्धा तास लागला. हवेला वाट नसली की ती सीलवर जोर काढते. चिखलात राबणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या किती जिपांचे आणि ट्रॅक्टरांचे ब्रीदर असेच बुजलेले असतील. काल शेजारच्या दोघांना त्यांच्या गाडीखाली वाकायला लावलं, त्यातला एक बुजलेलाच निघाला.

क्राऊनमधलं तेल पातळीच्या वर भरलेलं होतं, तेही खाली आणलं. भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत, त्याच्या वर नाही.

तेल प्यालेले शू पेट्रोलने धुऊन परत लावायचा सल्ला दोघांनी दिला. ते करणार नाही. लायनर आतून तेल पितो. वरून पुसला तरी ड्रम तापला की तेल पुन्हा पृष्ठावर येतं. मागच्या दोन्ही चाकांना नवेच, एकाच जोडीतले.

१५ डिसेंबर

काल दत्तजयंती, सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली. घरचे सगळे घोडेबाजार बघायला गेले, मी ड्रम घेऊन शहाद्यात टर्नरकडे.

डावा ड्रम आतून २२९.५ मिलिमीटर, खाचांसह. उजवा २२८.९. नवा असतो तेव्हा २२८.६, म्हणजे बरोबर नऊ इंच. दीड मिलिमीटरच्या वर ड्रम मोठा करायचा नाही ही माझी हद्द. टर्नरचाचा म्हणाले, डावा घासू, उजव्याला हात कशाला लावायचा? त्यांचं म्हणणं माल वाचवण्याचं होतं, चूक नव्हतं. पण मला दोन्ही बाजू एकाच मापाच्या हव्या होत्या, म्हणजे पुढे फरक आला तर ड्रमकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. दोन्ही २२९.९ वर आणले. चाचांनी लेथवर शेवटची धार इतकी हलकी घेतली की ड्रममध्ये नखाला काही लागत नाही. पुढच्या वेळी मात्र नवे ड्रमच लागतील, ते आत्ताच लिहून ठेवतो.

२२ डिसेंबर

नवे लायनर शूवर रिव्हेट करून आणले. ड्रम मोठा झाला, शूचा गोल मूळ मापाचा; खडू लावून फिरवलं तर लायनर फक्त मधोमध टेकत होता, दोन्ही टोकं कोरी. ड्रमच्या आत पॉलिशपेपरची पट्टी चिकटवून त्यावर प्रत्येक शू हाताने घासला. चार शू, पुन्हा खडू, पुन्हा घासणं, असा अख्खा दिवस गेला. शेवटी तीन चतुर्थांश भागावर खडू लागायला लागला. उरलेलं रस्त्यावर बसेल.

जोडणी केली. अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे चाक अडेपर्यंत फिरवून मग मोकळं होईल एवढे मागे घेतले. मधला नट २०० न्यूटन-मीटरच्या खाली ठेवायचा नाही. तेवढा ओढला आणि स्प्लिट पिन नवी घातली.

साठ किलोमीटर हळूहळू चालवून लायनर बसू दिले. संध्याकाळी घोडे लावले, पेडलवर दहा किलो, दोर, काटा.

डावं ३३. उजवं १७.

उजवं ९ वरून १७ वर आलं, म्हणजे तेलाचा दोष खरा होता आणि तो गेला. पण डावं अजून जवळजवळ दुपटीने जोर धरतं. ड्रम सारखे, लायनर एका जोडीतले, ऑइलचा दाब एकच. रात्री जेवण गेलं नाही. सगळं नवं असताना फरक राहतोच कसा?

२५ डिसेंबर

सापडलं.

रात्री वहीत मागचे आकडे बघत बसलो होतो. ३३ भागिले १७ म्हणजे १.९४. ड्रम सारखे, लायनर सारखे, तर मग शूला ढकलणारी ताकदच वेगळी असली पाहिजे. आणि दाब एकच असताना ताकद वेगळी होण्याची जागा एकच: पिस्टनचं क्षेत्रफळ.

सकाळी दोन्ही व्हील सिलिंडर उतरवले, रबरी टोप्या काढल्या, कप आणि पिस्टन बाहेर घेतले, व्हर्नियर आत घातला. उजवा १९.०५ मिलिमीटर, पाऊण इंच. डावा २५.४. एक इंच.

पाऊण इंच हे या जीपच्या मागच्या चाकाचं माप आणि एक इंच पुढच्या चाकाचं. गाडीला थांबवायचं बहुतेक काम पुढच्या चाकांनी करायचं असतं, म्हणून पुढचे सिलिंडर मोठे. आमच्या गाडीत मागच्या डाव्या चाकाला पुढच्याचा सिलिंडर बसला होता. बाहेरून दोन्ही धडं इतकी सारखी दिसतात की टेबलावर शेजारी ठेवूनही मला व्हर्नियरशिवाय सांगता आलं नसतं.

हिशोब केला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. एकाला पाऊणाने भागून वर्ग केला की १.७८. काट्यावर आले होते १.९४. थोडं जास्त का, तेही उमगलं: शू परत ओढणारी स्प्रिंग दोन्हीकडे तेवढीच ताकद खाते. मोठ्या आकड्यातून आणि लहान आकड्यातून सारखंच वजा केलं की गुणोत्तर वाढतं. स्प्रिंग साधारण तीन किलोंएवढं खाते असं धरलं तर ३६ आणि २०, म्हणजे १.८. जुळतं.

सिलिंडर कधी बसला हेही आठवलं. २०१९ च्या उन्हाळ्यात कापसाचं बी आणायला जाताना हायवेवर डावा सिलिंडर गळायला लागला होता. तिथल्या एका गॅरेजवाल्याने तासाभरात बदलून दिला, पैसेही वाजवी घेतले. त्याच्याकडे जे होतं ते त्याने लावलं, मीही मोजून घेतलं नाही. आणि १ डिसेंबरला पिस्टन हलतो, कप कोरडे आहेत, एवढं बघून मी तो पास केला. हलतो का हे पाहिलं, केवढा आहे हे पाहिलं नाही.

म्हणजे दोन दोष एकाच दिशेने बसले होते: डावं चाक गरजेपेक्षा जोरात, उजवं तेलामुळे ढिलं. एकाने दुसऱ्याला झाकलं.

मग ऑगस्टचा तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणला. चिखलाचा रस्ता, हलका ब्रेक. पुढची चाकं अजून फिरतायत, उजवं मागचं नीट धरतच नाही, आणि डावं मागचं एकदम जाम. जाम झालेल्या चाकाला बाजूची पकड राहत नाही. मागची पकड गेली की शेपूट फिरतं. तिथे कुणीही पेडल दाबलं असतं तरी हेच झालं असतं.

आबा बाजेवर बसले होते. दोन्ही सिलिंडर त्यांच्या हातात दिले, एकात करंगळी घालायला सांगितली, मग दुसऱ्यात. एकात करंगळी अडकली, दुसऱ्यात सैल फिरली. काय ते मी बोललो नाही. ते बराच वेळ दोन्ही हातात धरून बसले, मग विचारलं, "हाई ऑगस्टमाबी व्हतं का?" मी हो म्हणालो.

२९ डिसेंबर

धुळ्याला गेलो. जुन्या आग्रा रोडवरच्या एका जुन्या स्पेअरच्या दुकानात मागचा सिलिंडर मिळाला. व्हर्नियर खिशातच होता. दुकानदाराने खोका फोडून काउंटरवर मोजू दिला. १९.०५. उजव्यासाठी कपांचं किटही घेतलं.

येताना मावसभावाच्या मळ्यात भरीत पार्टी. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. लेफ्ट हँडच्या मुद्द्यावरून दोघांचं बोलणं झालं. त्याने आकडे बघितले आणि मानलं.

५ जानेवारी २०२५

नवा सिलिंडर डाव्याला, नवे कप उजव्याला. संपूर्ण ब्रेक ऑइल बदललं. जुनं चहासारखं निघालं. डॉट ३ ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं; कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. घाटात ड्रम तापल्यावर हाच फरक पायाला कळतो.

ब्रेक ऑइलमधली एअर काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आमची लेफ्ट हँड असल्याने मास्टर डावीकडे, म्हणून मागचं उजवं पहिलं, मग मागचं डावं, मग पुढची दोन. भाचा पेडलवर, मी निपलवर. "दाबू मामा?" "दाब." "सोडू?" "थांब." असं दीड तास.

काटा: डावं १८, उजवं १७.

दोर भाच्याकडून ओढवून घेतला, मग स्वतः ओढला, पुन्हा भाच्याकडून. आकडा तोच.

१२ जानेवारी

तोरणमाळ. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर. सातपुड्यातलं हे ठिकाण साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि सातपायरी घाटाची वळणं उतरताना ब्रेकची खरी परीक्षा होते. वर यशवंत तलावाकाठी थंडी एवढी की चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो. गोरखनाथाच्या मंदिरात नारळ फोडला.

उतरताना दुसरा गिअर, क्लचला पाय नाही, ब्रेक थोडा दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही. निम्म्यात एका रुंद वळणावर थांबून बंदूक लावली: मागचं डावं ८८, उजवं ८५. पायथ्याशी ९६ आणि ९१. पुढची दोन्ही १३० च्या वर. पुढची जास्त आणि मागची कमी, असंच असायला हवं. गेल्या दोन वर्षांत हे कधी असं नसणार.

पायथ्याच्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नाही बघून, चाळीसच्या वेगाने स्टिअरिंग सैल धरून ब्रेक दाबला. नाक सरळ राहिलं.

२ फेब्रुवारी

४५० किलोमीटर झाले. मागचे दोन्ही ड्रम पुन्हा पुलर लावून काढले. कंटाळवाणं काम, पण आकडा डोळ्यांनी बघायचाच होता. पुढचे शू: डावा ४.४, उजवा ४.४. मागचे: डावा ४.६, उजवा ४.५. उजव्या बॅकप्लेटवर बोट फिरवलं, कोरडी. ब्रीदर साफ.

एक इंची सिलिंडर फेकला नाही, पुढच्यासाठी कामाला येईल. त्याच्या अंगावर पंचाने "पुढचा" असं कोरलं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवला.

दुपारी ड्रम बसवून हात धुवायला आत गेलो. बाहेर स्टार्टर फिरल्याचा आवाज आला. बघतो तर आबा स्टिअरिंगवर, भाचा शेजारी. मला बघून त्यांनी हात केला आणि वावराच्या रस्त्याला लागले. वळणावर गाडी हळू झाली, मागचा दिवा लागला, विझला, आणि जीप सरळ पपईच्या रांगांकडे गेली.